पुण्याच्या पेठा व पावसाच्या पाण्याची वाट

पुण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी शहरात पाणी कसे आले याचे वर्णन मोठ्या आवडीने केले आहे. शहरातून पाणी कसे गेले याची चौकशी मात्र फारशी कोणी केलेली दिसत नाही. कात्रजचा नळ, त्यावरील उच्छ्वास, काळा हौद, सदाशिव पेठेचा हौद, शनिवारवाड्यातील हजारी कारंजे ही नावे पुण्यातील शाळकरी मुलासही ठाऊक असतात. यात नवल नाही. पाणी आणणे हे पुण्यकृत्य समजले जाते. त्याचा कर्ता लोकांच्या स्मरणात राहतो. पाणी घालविणे हे मोरीचे काम. ते नीट झाले तर कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि बिघडले तर जो समोर सापडेल त्यास शिव्या खाव्या लागतात. तथापि, एखादी पेठ वसविताना वसविणाऱ्याने आकाशातून पडणाऱ्या पाण्याची काय सोय केली, या एका प्रश्नावरून त्या वसविणाऱ्याची जितकी पारख होते तितकी त्याच्या कारंज्यांवरून होत नाही, असे आमचे मत आहे. शनिवार पेठ आणि तिच्या आसपासचा भाग यांच्या आधारे ते मत येथे मांडावयाचे आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खडकवासल्याहून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि शनिवार व नारायण पेठेतील मंडळी नदीकाठी उभी राहून तो सोहळा पाहतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व त्याच्यामागोमाग खडकवासल्याचेही फुटले, तेव्हा याच पेठांतील शेकडो घरे जमीनदोस्त झाली. ज्या घरांत ती आठवण आहे तेथे अजूनही काळाचे मोजमाप 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' असे होते. हा झाला नदीचा पूर. तो नदीकडून पेठेकडे येतो. आमचा विषय याच्या उलट दिशेचा आहे: पेठेवर पडून नदीकडे जाऊ पाहणारे पाणी. नदीचा पूर वर्तमानपत्रांत येतो. हे दुसरे पाणी गल्लीत घोटाभर साचते, जिन्याखाली शिरते, आणि दोन तासांनी ओसरले की विसरले जाते. ते विसरले जाते म्हणूनच त्याचा इतिहास सांगण्याची आवश्यकता आहे.

पुण्याची जमीन दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरती आहे. दक्षिणेस कात्रजचे डोंगर, उत्तरेस मुठा, आणि मधल्या उतारावर शहर. या उतारावरून पावसाचे पाणी ज्या वाटांनी नदीकडे जात असे त्यांपैकी पूर्वेकडील मोठी वाट म्हणजे नागझरी. पश्चिमेकडील वाट म्हणजे आंबिल ओढा. आज हा ओढा कात्रजहून निघून पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा पश्चिमेच्या बाजूने मुठेस मिळतो. म्हणून आंबिल ओढ्याचा आणि शनिवार पेठेचा काही संबंध असेल अशी शंकाही आजच्या पुणेकरास येत नाही. परंतु पूर्वी हा ओढा पर्वतीकडून थेट गावाच्या अंगाने येत असे. कसब्याच्या उंचवट्याच्या पश्चिमेस, आजचा बाजीराव रस्ता जेथे आहे त्याच्या आसपासच्या सखल पट्ट्यातून, तो उत्तरेकडे वाहत जाऊन मुठेस मिळे. कसबा एका बाजूस आणि पुढे जिला शनिवार पेठ म्हणू लागले ती मुर्तझाबादेची वस्ती दुसऱ्या बाजूस, अशी ही मांडणी होती. ज्या रस्त्याने आज गणपतीच्या मिरवणुका जातात आणि दिवाळीच्या खरेदीस माणसांचा लोंढा वाहतो, त्या भागातून एके काळी खरोखरीचे पाणी वाहत होते.

हा ओढा गावास सुखाने नांदू देत नसे. जिजाऊसाहेब बाल शिवाजीराजांसह पुण्यास राहावयास आल्या तेव्हा उजाड झालेला कसबा पुन्हा वसविण्यासाठी जी कामे झाली त्यांत आंबिल ओढ्यास पर्वतीच्या बाजूस बांध घालून गावावर येणारा लोंढा थोपविण्याचे एक काम होते, असे पुण्याची परंपरा सांगते. सोन्याच्या नांगराची कथा सर्वांस माहीत असते, कारण ती चित्रात काढता येते. बांधाचे चित्र कोण काढणार? पण नांगरलेल्या जमिनीवर माणूस पुन्हा घर बांधण्यास धजला तो नांगराच्या सोन्यामुळे की ओढा आवरला गेल्यामुळे, याचा विचार वाचकांनी करावा.

खरे मोठे काम झाले ते नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, म्हणजे १७४० ते १७६१ या काळात. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. तेव्हापासून पुणे हे खेडे राहिले नाही. सरदार, सावकार, भिक्षुक, कारकून आणि त्यांच्यामागून येणारे हरतऱ्हेचे कारागीर यांना राहण्यास जागा हवी झाली, आणि वाड्याच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस जी मोकळी जमीन होती ती ओढ्याच्या वाटेत होती. नानासाहेबांनी ओढ्यालाच हलविले. त्याचे पाणी पर्वतीच्या पायथ्याशी अडवून, पश्चिमेकडे नवा मार्ग देऊन, ते शहराच्या बाहेरून मुठेत सोडले. जुन्या मार्गाची जमीन मोकळी झाली आणि पूर्वीच्या नायगावच्या शिवारात सदाशिवरावभाऊंच्या नावाची पेठ उभी राहिली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो जमिनीच्या विकासाचा व्यवहार होता, आणि पुण्याच्या इतिहासात इतका मोठा व्यवहार त्यापूर्वी झाला नव्हता.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते, कारण या कामाची खरी थोरवी ओढा वळविण्यात नाही. ओढा वळविणे हे बळाचे काम आहे. पुरेशी माणसे आणि पुरेशा कुदळी असल्या की ते कोणीही करील. नानासाहेबांनी वळविण्याबरोबर आणखी दोन गोष्टी केल्या. पर्वतीच्या पायथ्याशी पाणी साठविण्यासाठी मोठे तळे बांधले. या तळ्याचे काम रेंगाळले तेव्हा पेशवे स्वतः हत्तीवरून उतरून दगड उचलू लागले, आणि मग सरदारांना हात आखडून उभे राहण्याची सोय राहिली नाही, अशी आख्यायिका आहे. दुसरी गोष्ट म्हणजे याच ओढ्याच्या उगमाकडे, कात्रजला, बांध घालून तलाव केले आणि तेथील पाणी दगडी नळातून शहराच्या हौदांपर्यंत आणले. म्हणजे वर कात्रजला पाणी अडले, गाळ तेथेच बसला, पिण्यापुरते पाणी नळाने गावात आले. खाली पर्वतीला पुन्हा एकदा पाण्यास विसावा मिळाला. आणि उरले ते नव्या पात्रातून नदीस गेले. ज्या पाण्याची वाट त्यांनी घेतली त्याला त्यांनी दोन ठिकाणी थांबण्यास जागा आणि तिसऱ्या ठिकाणी जाण्यास मार्ग दिला. या तिहींचा हिशेब त्यांच्या कारभाऱ्यांनी कागदावर एकत्र मांडला होता की नाही हे आमच्या दृष्टीने गौण आहे. जमिनीवर तो मांडलेला होता.

नानासाहेबांना आम्ही देव्हाऱ्यात बसवीत आहो असा कोणाचा समज होऊ नये. ओढ्याचा धोका त्यांनी नाहीसा केला नाही, दुसरीकडे नेला. तेव्हा दुसरीकडे म्हणजे रानात; तेथे घरे नव्हती, म्हणून त्या वेळी कोणाचे काही बिघडले नाही. पुढे तेथे घरे आली. ती कोणाची आली, याकडे आपणास परत यावयाचे आहे.

ओढा हलला तरी आकाश हलत नाही. शनिवार पेठेवर पडणारा पाऊस शनिवार पेठेतच पडणार. तो कोठे जाई? या प्रश्नाचे उत्तर वाड्याच्या रचनेत आहे. जुन्या वाड्याचे वर्णन करणारे लेखक त्याचे कोरीव खांब, दिंडी दरवाजा, झोपाळा आणि माजघर यांत रमतात. आमच्या मते वाडा हे पाऊस झेलण्याचे एक मोठे यंत्र होते. उतरत्या कौलांवरून पाणी पागोळ्यांनी चौकात पडे. चौक ओसरीपेक्षा दोन पायऱ्या खोल असे, तो केवळ शोभेसाठी नव्हे. मुसळधार पाऊस आला म्हणजे तो घटकाभर हौदासारखा भरे आणि मग मोरीच्या तोंडातून सावकाश रिकामा होई. मोरीचे तोंड मुद्दाम लहान असे. चौकातील फरशीच्या सांध्यांत चुना नसेल तेथे पाणी मातीत मुरे. मागे परसात माती उघडी, केळीचे खुंट, अळूचे वाफे, आणि एक आड. मातीत मुरलेले पाणी पाझरत आडाला लागे, म्हणून श्रावण संपता संपता आडाचे पाणी हाताने घेण्याइतके वर येई. आमची आजी पहिले दोन पाऊस सोडून तिसऱ्या पावसाला पन्हळीखाली घंगाळ लावी. पागोळ्यांच्या पाण्यात डाळ लवकर शिजते हे तिचे रसायनशास्त्र होते आणि ते बरोबर होते. इतके सगळे झाल्यावर जे उरे ते मोरीतून गल्लीत आणि गल्लीतून नदीकडे जाई. वाड्यातून पाणी बाहेर पडे, परंतु ते उशिरा आणि थोडे थोडे पडे. 'उशिरा' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा.

शेजाऱ्याशी या पाण्यावरून भांडणे होत नसत असे नाही. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही ही म्हण आपल्याकडे आहे. ते शेजाऱ्याच्या भिंतीवर मात्र खुशाल जाते. ही भांडणे आजची नव्हेत. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त घर बांधणाऱ्यास आज्ञा केली आहे की शेजाऱ्याच्या भिंतीपासून ठराविक अंतर सोडून पाण्याचा चांगला उताराचा मार्ग करावा. न केल्यास चोपन्न पण दंड. रस्त्यात चिखलपाणी तुंबविणाऱ्यास पाव पण, आणि राजमार्गावर तुंबविल्यास त्याच्या दुप्पट. रा. प. कंगले यांनी या ग्रंथाची जी संशोधित आवृत्ती १९६० पासून मुंबईहून सिद्ध केली तीत हे प्रकरण मुळातून पाहावे. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो ग्रंथकार आपल्या गल्लीतून नुकताच चप्पल हातात घेऊन गेला असावा असे वाटते. इंग्रजी अमलात हाच प्रश्न १८८२ च्या ईझमेंटच्या कायद्यात आला, आणि १८९१ साली तो कायदा मुंबई इलाख्यास लागू झाला. त्याच्या सातव्या कलमाखाली एक दृष्टांत आहे. त्याचा भावार्थ असा: वरच्या जमिनीवर पडणारे जे पाणी निश्चित प्रवाहाने न जाता स्वाभाविकपणे खाली उतरते, ते खालच्या जमिनीच्या मालकाने उतरू दिले पाहिजे, हा वरच्या मालकाचा हक्क आहे. कायदा शिकणारे विद्यार्थी हा दृष्टांत पाठ करतात. पण त्यातील 'स्वाभाविकपणे' या शब्दावर घटकाभर विचार केला की डोळे उघडतात. खालच्याने सोसावयाचे ते उताराने येणारे पाणी. वरच्याने माती काढून टाकून, तीवर सिमेंट ओतून, दुप्पट पाणी निम्म्या वेळात खाली लोटले, तर ते स्वाभाविक कसे म्हणावे?

वाडे गेले त्याची कारणे अनेक आहेत आणि ती सर्वांस ठाऊक आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जेथे होती तेथे गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू ती करीना. पानशेतच्या पुराने नदीकाठचे कित्येक वाडे एका दिवसात नेले. उरलेले वारसांच्या वाटणीने व वाळवीने खाल्ले. त्यांच्या जागी इमारती आल्या. आम्ही स्वतः अशाच एका इमारतीत राहतो, तेव्हा गतकाळाचे गोडवे गाण्याचा अधिकार आम्हांस नाही. वाड्यातील सार्वजनिक शौचकूप, अंधारे जिने आणि पावसाळ्यात गळणारी माडी ज्याने अनुभवली आहे तो वाड्यात परत जाण्याची भाषा करणार नाही. परंतु वाडा पाडताना आपण खांब आणि झोपाळा यांच्यासाठी हळहळलो, आणि चौक, परस व आड यांचे काम पुढे कोणी करावयाचे हे विचारावयास विसरलो.

त्या कामाचा आकडा काढणे कठीण नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे चौरस मीटरांची जागा घ्या आणि तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला असे धरा. पुण्यास असा पाऊस अधूनमधून येतो. त्या जागेवर २५,००० लिटर पाणी पडले. त्यातील किती वाहून जाईल हे जमिनीच्या जातीवर अवलंबून असते. मल्व्हानी नावाच्या आयरिश इंजिनिअराने १८५१ साली, आणि कुइक्लिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअराने १८८९ साली, यासाठी जी रीत घालून दिली ती आजही जगभर चालते: पावसाचा जोर, जमिनीचे क्षेत्र, आणि जमीन जितका हिस्सा वाहू देते तो अंश, या तिहींचा गुणाकार. चौक, परस, आड असलेल्या वाड्याचा अंश निम्मा धरला, तर १२,५०० लिटर बाहेर पडेल. गच्ची, सिमेंट आणि फरशी यांनी कानाकोपरा झाकलेल्या इमारतीचा अंश नऊदशांश धरला, तर २२,५०० लिटर. फरक दहा हजार लिटरांचा, म्हणजे बरोबर एका टँकरचा. ज्या सोसायट्या जुलैत हा टँकर गल्लीत ओततात त्यांतील काही एप्रिलमध्ये तेवढाच टँकर पैसे मोजून विकत घेतात, ही गोष्ट हास्यास्पद म्हणावी की शोकास्पद हे आम्हांस ठरविता येत नाही.

परंतु नुसत्या लिटरांनी या हानीची खरी कल्पना येत नाही. मल्व्हानीने ओळखले ते हे की जमिनीच्या अगदी दूरच्या टोकाचे पाणी गटाराच्या तोंडापर्यंत पोचण्यास किती वेळ लागतो, यावर पुराची उंची ठरते. वाड्यांच्या गल्लीत प्रत्येक चौकाचे पाणी आपापल्या वेळी येई; एकाचे येईतो दुसऱ्याचे गेलेले असे. गच्चीवरून खाली आलेल्या सरळ नळ्यांनी सगळ्या इमारतींचे पाणी एकाच क्षणी गल्लीत येते. गल्ली तीच, गटार तेच. पाणी मात्र दुप्पट, आणि सर्व एकदम. शिवाय दर काही वर्षांनी रस्त्यावर जुन्याच्या वर नवा थर चढतो, आणि रस्ता जोत्याच्या वर जातो. शनिवार पेठेत अशी घरे आहेत की ज्यांच्या उंबरठ्यावर पूर्वी तीन पायऱ्या चढून जावे लागे आणि आता एक पायरी उतरून जावे लागते. पुण्यात १८५८ साली नगरपालिका आली, पुढे विसाव्या शतकात भुयारी गटारे झाली, १९५० साली महानगरपालिका झाली. प्रत्येक टप्प्यावर मैल्याच्या पाण्याचा विचार झाला, आणि तो व्हावयासच हवा होता, कारण पटकी आणि विषमज्वर यांनी शहराला धडा घालून दिला होता. पावसाच्या पाण्याने तसा धडा घालून दिलेला नव्हता.

तो धडा प्रथम मुंबईला मिळाला. मुंबईची जुनी पर्जन्यगटारे ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि तेही निम्मेच पाणी वाहील असे धरून बांधलेली होती. निम्मे का? कारण ती बांधली तेव्हा मुंबईत उरलेले निम्मे पिऊन घेणारी जमीन होती. ही मोजमापे पुरेशी नाहीत हे १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने सांगितले. ताशी ५० मिलिमीटर धरा आणि सगळेच पाणी वाहील असे समजा, अशी त्याची शिफारस होती. बारा वर्षांनी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शेकडो माणसे गेली. इतका पाऊस कोणत्याही गटारात मावला नसता हे खरे. पण माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नंतर जी चौकशी केली तिच्यामुळे मिठी नदीला नदी म्हणून ओळखण्याची पाळी मुंबईकरांवर आली. तोवर ती त्यांच्या लेखी नाला होती.

पुण्याला स्वतःचा धडा मिळाला तो २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आणि तो आंबिल ओढ्याने दिला. त्या रात्री दक्षिण पुण्यावर काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. कात्रजकडील उतारांवर नानासाहेबांच्या काळी रान होते. आता तेथे वसाहती आहेत, म्हणजे छपरे, रस्ते आणि सिमेंटची अंगणे आहेत. ते सर्व पाणी एकदम ओढ्यात उतरले. ओढ्याचे पात्र ठिकठिकाणी भिंतींनी आवळलेले, पुलांनी अडलेले, भराव घालून अरुंद केलेले होते. अरण्येश्वराजवळील टांगेवाला वसाहतीत भिंत कोसळून माणसे मेली. मोटारी खेळण्यांसारख्या वाहून गेल्या. शहरात व आसपास त्या रात्री वीसांहून अधिक जीव गेले. पर्वतीच्या तळ्यात पूर्वी पाण्याला जो विसावा होता तो केव्हाच संपला होता, कारण त्या तळ्याच्या जागी आता सारसबाग आहे. म्हणजे नानासाहेबांनी जे तीन उपाय केले होते त्यांपैकी मधला आपण बुजविला, शेवटचा आवळला, आणि वरचा, म्हणजे कात्रजचा, आजूबाजूच्या वसाहतींच्या पाण्याने भरून टाकला. राहिला तो फक्त वळविलेला ओढा.

आता ती घरे कोणाची, हा प्रश्न. ज्या जमिनीचा ओढा हलवून पेठ वसली तेथे आमच्यासारख्यांची घरे आहेत. ज्या जमिनीकडे तो हलविला तेथे, पात्राच्या अगदी कडेला, ज्यांना शहरात दुसरीकडे जागा मिळत नाही ते राहतात. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळील ओढ्याकाठची घरे पाडण्याचे काम भर पावसाळ्यात सुरू झाले, आणि न्यायालयाच्या स्थगितीने थांबले. ओढ्याच्या पात्रात घर असू नये हे म्हणणे बरोबरच आहे. पण ओढ्याचे पाणी ज्यांनी वाढविले ते वर कात्रजच्या व सहकारनगरच्या बाजूस सुखाने झोपलेले असतात, आणि ज्या वस्तीने पाण्यात एका थेंबाचीही भर घातली नाही तिच्या दारात कुदळ येते. ईझमेंटच्या कायद्यातील वरचा मालक व खालचा मालक यांचे नाते इतक्या स्पष्ट रूपाने पाहावयास मिळेल असे आम्हांस वाटले नव्हते. आणि आम्ही पेठेतील लोकही येथे निर्दोष नाही. अडीचशे वर्षांपूर्वी आमच्या अंगणातून जाणारे पाणी त्यांच्या अंगणात पाठविले गेले म्हणून आमची अंगणे कोरडी राहिली आहेत.

कायद्याला आता या गोष्टीची जाग आली आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बांधकाम करताना पावसाचे पाणी साठविण्याची वा मुरविण्याची व्यवस्था करणे बंधनकारक आहे. नियम चांगला आहे. परंतु शनिवार पेठेतील कित्येक जागा पाचशे मीटरांहून लहान आहेत, कारण वाड्यांच्या वाटण्या भावाभावांनी आधीच करून ठेवल्या आहेत. आणि दहा लहान जागांचे पाणी एका मोठ्या जागेइतकेच असते, हे गटारास समजते, नियमावलीस समजत नाही. शिवाय मुरविण्याचा खड्डा म्हणजे चौक नव्हे. खड्डा वर्षानुवर्षे गाळ खातो आणि मग भरून बसतो; तो उपसण्याचे काम सोसायटीच्या सभेत कोणाच्याच वाट्यास येत नाही. मुठेकाठच्या काळ्या दगडात पाणी भेगा असतील तेथेच मुरते. ज्या जागी जुना आड आहे तेथे तो आड म्हणजे अशी सिद्ध झालेली जागा होय. तरीही नवी इमारत उभारताना पहिला बळी आडाचाच जातो, कारण त्याच्या जागी मोटारीचा एक थांबा मावतो.

आमच्या जागेचीही हकीकत अशीच आहे. वाडा उतरविला तेव्हा पाया खणताना चौकाखालून एक दगडी मोरी निघाली. दोन्ही अंगांनी घडीव दगड, वर सपाट फरशा, तळाला चुन्याचा गुळगुळीत गिलावा, आणि उतार बरोबर उत्तरेला, नदीकडे. जिच्या तोंडात लहानपणी आम्ही कागदी होड्या सोडीत होतो तीच ही मोरी. जूनचा पहिला पाऊस पडला तेव्हा खणलेल्या खड्ड्यातील सगळे पाणी तिने तासाभरात नेले. कोठे नेले हे कोणी पाहिले नाही. काम करणाऱ्या गवंड्यांतील एका म्हाताऱ्याने तिच्यात बोट बुडवून चाखल्यासारखे केले आणि म्हणाला, "मालक, हिला ठेवा." पण नकाशात ती नव्हती. ठेकेदाराने तिचे तोंड काँक्रीटने बंद केले, आणि त्या वेळी आम्हीही त्याला अडविले नाही. घराचा ताबा लवकर मिळावा एवढेच आमच्या मनात होते. आड तिच्या आधीच बुजला होता.

तेव्हापासून दर जोराच्या पावसात पाणी लिफ्टच्या खड्ड्यात येते. दोनदा पंप बसविला, एकदा त्याची मोटार जळाली. इमारतीच्या समोर, गल्लीच्या उताराच्या बाजूला, एका वृद्ध गृहस्थांचे लहानसे दुकान आहे. आमच्या उताराचे पाणी गेटाखालून निघून थेट त्यांच्या उंबरठ्यावर जाते. ते कधी तक्रार करीत नाहीत. मे अखेरीस दाराला एक सागवानी फळी लावून घेतात, तिच्या फटींत मेण भरतात, आणि पाणी चढून ओसरले की फळीवर खडूने एक रेघ मारून शेजारी साल लिहितात. आमचे घर झाल्यापासूनच्या सगळ्या रेघा त्या फळीवर आहेत. यंदाची रेघ गेल्या सालच्या रेघेच्या चार बोटे वर आहे.